रबराचा माउंट : फिट सुरेख, तरी सॉल्व्हर मध्येच थांबतो आणि फोर्स जुळत नाही

मधलाबिंदू

नमस्कार मंडळी. स्टीलमध्ये बरीच वर्षं काम केलं आहे, रबराचं मॉडेलिंग मात्र पहिल्यांदाच गळ्यात आलंय.

भाग साधा आहे, आधार देणारा माउंट. ५० मिमी व्यासाचा, २० मिमी उंचीचा रबराचा दंडगोल, वर आणि खाली स्टीलच्या प्लेटांना चिकटवलेला. रबर कार्बन ब्लॅक घातलेलं नायट्राइल, ६० शोअर ए (कडकपणाचं माप). वरची प्लेट ६ मिमी खाली दाबायची, म्हणजे ३० टक्के, आणि फोर्स-डिफ्लेक्शनचा कर्व्ह काढायचा.

माझ्याकडे डंबेल (मधे अरुंद असलेली चाचणीची पट्टी) ओढून घेतलेला युनिअ‍ॅक्सियल (एकाच दिशेच्या ओढीचा) डेटा आहे, २०० टक्क्यांपर्यंत. अबॅकसमध्ये (फायनाइट एलिमेंटचं सॉफ्टवेअर) दुसऱ्या ऑर्डरचा पॉलिनॉमियल, म्हणजे पाच सहगुणकांचा मूनी-रिव्हलिन (ताण आणि विकृती जोडणारं रबराचं सूत्र), फिट केला. कर्व्ह टेस्टच्या बिंदूंवरून जवळपास रेघ ओढल्यासारखा जातो. पण रन केल्यावर साधारण ४.४ मिमीला सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) थांबतो. इन्क्रिमेंट (दाबाची पायरी) कितीही लहान केलं तरी तिथेच. मेश (भागाची तुकड्यांत केलेली जाळी) बारीक केली तर उलट थोडा आधीच थांबतो.

अ‍ॅक्सिसिमेट्रिक मॉडेल आहे, एलिमेंट (जाळीतला तुकडा) सीएएक्स४आरएच, मोठ्या विकृतीचा पर्याय चालू आहे. कुठे पाहू?

---

मेशमाळ

मेशच्या आधी मटेरियल तपासा. दोन गोष्टी सांगा, म्हणजे नेमकं बोलता येईल.

पाच सहगुणकांच्या किमती काय आल्या? आणि मटेरियल इव्हॅल्युएट केल्यावर स्टॅबिलिटीची मर्यादा काय छापून आली? डेटा फाइलमध्ये प्रत्येक प्रकारच्या विकृतीसाठी एक ओळ असते: युनिअ‍ॅक्सियल ओढ, युनिअ‍ॅक्सियल दाब, बायअ‍ॅक्सियल ओढ, बायअ‍ॅक्सियल दाब, प्लेनर ओढ, प्लेनर दाब (बायअ‍ॅक्सियल म्हणजे दोन दिशांना सारखं, प्लेनर म्हणजे रुंदी तशीच ठेवून). सॉफ्टवेअर तिथे ड्रकरचा निकष लावून बघतं. विकृती वाढवली तर ताणही वाढला पाहिजे, एवढीच त्यातली अट आहे. ती कुठे मोडते ते आकड्यासह लिहिलेलं असतं. बरेच जण ती फाइल उघडतच नाहीत.

---

मधलाबिंदू

पहिले दोन सहगुणक: सी१० उणे ०.५, सी०१ अधिक १.१. पुढच्या तिघांपैकी दोन उणे आहेत.

स्टॅबिलिटी बघितली. युनिअ‍ॅक्सियल ओढ सगळ्या विकृतींना स्थिर. बायअ‍ॅक्सियल ओढ १५ टक्क्यांपुढे अस्थिर. पण माझा माउंट दाबला जातोय, त्याला बायअ‍ॅक्सियल ओढ येतेच कुठे?

---

दीर्घवर्तुळ

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रबराचा आकार सहज बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाही. त्याचा शिअर मॉड्युलस (आकार बदलायला होणारा विरोध) १ मेगापास्कलच्या आसपास असतो आणि बल्क मॉड्युलस (आकारमान बदलायला होणारा विरोध) २००० मेगापास्कलच्या आसपास. म्हणजे रबराच्या तुकड्यावर चहूबाजूंनी सारखा दाब दिला तर त्याचा आकार व्यवहारात तोच राहतो. आता एक ठोकळा वरून दाबा. तो बाजूंनी दोन दिशांना सारखाच पसरतो. त्याच ठोकळ्याला वरून न दाबता त्याच दोन बाजूंनी सारखं ओढा, विकृती हुबेहूब तीच मिळेल. दोन्हींत फरक फक्त चहूबाजूंच्या दाबाचा, आणि त्या दाबाने आकार बदलत नाही. थोडक्यात, युनिअ‍ॅक्सियल दाब आणि बायअ‍ॅक्सियल ओढ हे रबराच्या दृष्टीने एकच आहे.

आकड्यात बघा. २५ टक्के दाबलं की उभा स्ट्रेच (नवी लांबी भागिले मूळ लांबी) ०.७५. बाजूचा स्ट्रेच म्हणजे १ भागिले ०.७५ चं वर्गमूळ, म्हणजे १.१५५. ही झाली साडेपंधरा टक्के बायअ‍ॅक्सियल ओढ. तुमचं मटेरियल १५ टक्क्यांना मोडतंय. माउंट ४.४ मिमी दाबला तेव्हा सरासरी दाब २२ टक्के होता, पण प्लेटांना चिकटलेलं रबर हलू शकत नाही, त्यामुळे मधल्या पट्ट्याला स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त दबावं लागतं. तिथे स्थानिक दाब २५ टक्क्यांवर पोचला की गाडी अडली. सॉल्व्हरचा काही दोष नाही. तुम्ही दिलेलं मटेरियल त्या विकृतीला अस्तित्वातच राहू शकत नाही.

आता फिट इतका सुरेख असून हे का घडलं? हा मुद्दा प्रत्येकाने एकदा हाताने सोडवून बघावा असं मला मनापासून वाटतं. दोन सहगुणकांच्या मूनी-रिव्हलिनमध्ये युनिअ‍ॅक्सियल ओढीचा नॉमिनल ताण (मूळ क्षेत्रफळावर काढलेला) असा येतो: स्ट्रेचमधून स्ट्रेचच्या वर्गाचा व्यस्त वजा करा, त्याला २ ने गुणा, मग सी१० अधिक सी०१ भागिले स्ट्रेच, याने गुणा. बायअ‍ॅक्सियलला पहिल्या कंसात वर्गाच्या जागी पाचवा घात येतो, आणि सी०१ ला स्ट्रेचने भागायच्या ऐवजी स्ट्रेचच्या वर्गाने गुणावं लागतं.

आता दोन रबरं घ्या. एकाचा सी१० ०.५ आणि सी०१ शून्य. दुसऱ्याचा सी१० ०.४ आणि सी०१ ०.२. दोन्ही दुप्पट लांबीला ओढा. युनिअ‍ॅक्सियलमध्ये पहिल्याचा ताण १.७५ मेगापास्कल, दुसऱ्याचाही नेमका १.७५. डंबेलच्या त्या बिंदूवर दोघांत काही फरक नाही. त्याच स्ट्रेचला बायअ‍ॅक्सियलमध्ये पहिला १.९७ देतो, दुसरा ४.७३. जवळजवळ अडीच पट.

युनिअ‍ॅक्सियल ओढीत सी०१ ला स्ट्रेचने भागलं जातं, म्हणजे जितकं जास्त ओढाल तितका त्याचा प्रभाव कमी. म्हणून एकट्या डंबेलच्या डेटावरून सी०१ ठरतच नाही. फिटिंगचा प्रोग्राम बिंदूंतून रेघ काढण्यासाठी त्याला हवी ती किंमत देतो, सी१० ने त्याची भरपाई करतो, आणि आलेखावर सगळं छान दिसतं. तुमचा उणे सी१० तिथूनच आलाय. दोघांची बेरीज ०.६, म्हणजे सुरुवातीचा शिअर मॉड्युलस १.२ मेगापास्कल. तो ६० शोअरला अगदी योग्य आहे. बेरीज बरोबर, वाटणी चुकीची.

---

प्रश्नचिन्ह

दीर्घवर्तुळ, मुद्दा पटला. पण व्यवहाराचं बोलूया. बायअ‍ॅक्सियलचं यंत्र फार कमी प्रयोगशाळांत असतं. प्लेनर टेस्टला रुंद पट्टी आणि रुंद ग्रिप्स लागतात. बहुतेकांच्या हातात डंबेलचा कर्व्ह असतो, कित्येकदा तोही नसतो, फक्त शोअर कडकपणा माहीत असतो. त्यांनी काय करायचं? काम थांबवायचं?

माझं म्हणणं असं की मूनी-रिव्हलिन सोडा आणि यो हे दुसरं मॉडेल वापरा. यो पहिल्या इनव्हेरियंटवरच (तिन्ही दिशांच्या स्ट्रेचच्या वर्गांची बेरीज) उभा आहे, दुसऱ्याला, म्हणजे सी०१ च्या पदाला, हातच लावत नाही. त्यामुळे युनिअ‍ॅक्सियल डेटावर फिट केला तरी बाकीच्या विकृतींत तो भरकटत नाही. मी अनेक भाग असेच केलेत आणि त्यांचे फोर्स टेस्टच्या जवळ आलेत.

---

दीर्घवर्तुळ

काम थांबवायचं नाही, आणि हातात फक्त डंबेल असेल तर यो घ्यायचा, इथपर्यंत तुमच्याशी सहमत आहे. यो नेमका कार्बन ब्लॅक भरलेल्या रबरासाठीच मांडला गेला. अशा रबरात ऊर्जेचा दुसऱ्या इनव्हेरियंटवरचा अवलंब फार थोडा असतो, हे निरीक्षण त्यामागे आहे. आरुडा आणि बॉइस यांचं १९९३ चं आठ साखळ्यांचं मॉडेलही पहिल्या इनव्हेरियंटवरच चालतं, आणि तेही म्हणूनच कमी डेटावर नीट वागतं. अबॅकसमधलं मार्लो तर सहगुणकही काढत नाही. युनिअ‍ॅक्सियल कर्व्ह जसाच्या तसा घेतं आणि बाकीच्या विकृती त्यावरून ठरवतं.

पण नीट वागणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. ट्रेलोअरने १९४४ मध्ये नैसर्गिक रबरावर युनिअ‍ॅक्सियल, बायअ‍ॅक्सियल आणि प्लेनर असे तिन्ही कर्व्ह मोजले. नवीन मॉडेल आलं की आजही लोक त्याच बिंदूंवर ते तपासतात. पहिल्या इनव्हेरियंटवरची मॉडेलं युनिअ‍ॅक्सियलवर फिट केली की त्यात बायअ‍ॅक्सियलचा ताण थोडा कमी पडतो. किती कमी हे रबरागणिक बदलतं. तुमच्या भागांना ते चाललं, कारण बहुधा तिथे फोर्सवर दहा-पंधरा टक्के चूक खपत होती. ज्या भागात पडदा फुगतो, डायफ्रॅम म्हणा किंवा हवेची पिशवी म्हणा, तिथे बायअ‍ॅक्सियल टेस्टशिवाय मी कोणालाही पुढे जायला सांगणार नाही.

आणि दाबल्या जाणाऱ्या भागासाठी एक मधला मार्ग आहे. बटणासारखा तुकडा दोन प्लेटांत दाबून बघणं कुठेही जमतं. फक्त घर्षण मारावं लागतं. प्लेटांवर भरपूर सिलिकॉन तेल लावा आणि तुकडा पिंपासारखा फुगतोय का ते बघत राहा. फुगला तर तो युनिअ‍ॅक्सियल दाब राहिला नाही आणि मिळालेला ताण खरा नाही, जास्त आहे. घर्षण पूर्ण जात नाही हे मान्य, तरी मधलाबिंदूंच्या भागासाठी ओढीच्या २०० टक्क्यांच्या कर्व्हपेक्षा दाबाचा ३५ टक्क्यांचा कर्व्ह अधिक कामाचा आहे.

---

मेशमाळ

यो वापरताना एक तपासणी हाताने करता येते, ती सांगते. त्याचे तीन सहगुणक असतात. पहिला अधिक, दुसरा बहुधा उणे आणि बराच लहान, तिसरा अधिक आणि आणखी लहान. रबर सुरुवातीला कडक, मध्ये मऊ, शेवटी पुन्हा कडक होतं, तो एस आकार यातून येतो. दुसऱ्या सहगुणकाचा वर्ग हा पहिला गुणिले तिसरा याच्या तिपटीपेक्षा कमी असेल तर शिअरचा कडकपणा (ताण भागिले विकृती) कुठेच शून्याखाली जात नाही. उदाहरणार्थ ०.६, उणे ०.०६ आणि ०.०१. वर्ग ०.००३६, तिपटीचा गुणाकार ०.०१८. ठीक.

आणि ज्यांच्याकडे फक्त शोअर आहे त्यांच्यासाठी गेंटचं १९५८ चं सूत्र आहे. त्यातून ५० शोअरला यंग मॉड्युलस साधारण २.५ मेगापास्कल येतो, ६० ला ३.६, ७० ला ५.५. त्याला ६ ने भागलं की निओ-हूकचा (एकाच सहगुणकाचं सगळ्यात साधं मॉडेल) सी१० मिळतो, ६० शोअरला ०.६. पहिल्या अंदाजाला हे चालतं. पण शोअरचं वाचन दोन-तीन अंकांनी इकडेतिकडे होतंच, आणि तेवढ्याने मॉड्युलस दहा टक्क्यांच्या आसपास हलतो, हे लक्षात ठेवा.

मधलाबिंदू, सॉफ्टवेअरच्या आधी तुमच्या माउंटचा हाताने हिशोब करून ठेवा. चिकटवलेल्या ठोकळ्याचा शेप फॅक्टर म्हणजे दाब येणारं क्षेत्रफळ भागिले मोकळं क्षेत्रफळ. दंडगोलाला तो व्यास भागिले चौपट उंची, तुमच्याकडे ५० भागिले ८०, म्हणजे ०.६२५. गेंट आणि लिंडली यांच्या सूत्राने दाबाचा परिणामी मॉड्युलस म्हणजे यंग मॉड्युलस गुणिले, १ अधिक शेप फॅक्टरच्या वर्गाची दुप्पट. कार्बन ब्लॅक भरलेल्या ६० शोअरच्या रबराला त्या २ च्या जागी सुमारे १.१४ घेतात. ३.६ गुणिले १.४४५, म्हणजे ५.२ मेगापास्कल. क्षेत्रफळ १९६३ चौरस मिमी, उंची २०. सुरुवातीची स्टिफनेस ५१० न्यूटन प्रति मिमीच्या आसपास. मॉडेल पहिल्या मिलिमीटरला याच्या दीडपट किंवा अर्धं दाखवत असेल तर पुढचं काहीच बघू नका, आधी इनपुट तपासा.

---

मधलाबिंदू

खूप आभार. यो टाकल्यावर रन ६ मिमीपर्यंत पूर्ण झाला, स्टॅबिलिटीची तक्रारही गेली.

आता दुसरा प्रश्न. आमच्याकडे माउंटची टेस्ट आधीच झालेली होती. तिच्याशी ताडून पाहिलं तर मॉडेलचा फोर्स सगळीकडे जास्त आहे, ६ मिमीला जवळपास पाव पट जास्त. दीर्घवर्तुळ यांच्या म्हणण्याप्रमाणे योने दाबात कमी दाखवायला हवं होतं. इथे उलटंच झालंय. बल्क मॉड्युलस मी दिलेलाच नाही, तो कोरा ठेवला. त्यामुळे असेल का?

---

मेशमाळ

तुमच्या भागात बल्क मॉड्युलसमुळे पाव पट फरक पडणार नाही. पण हा विषय आलाच आहे तर सांगते, कारण दुसऱ्या कुणाच्या भागात त्याच जागी आठ पटीची चूक होऊ शकते.

अबॅकस स्टँडर्डमध्ये बल्कचा सहगुणक (२ भागिले बल्क मॉड्युलस) शून्य ठेवला की रबर पूर्ण असंपीड्य धरलं जातं. त्यासाठी हायब्रिड एलिमेंट लागतात, म्हणजे ज्यांत दाब हा वेगळा अज्ञात असतो. कारण आकारमान बदलतच नसेल तर विकृतीवरून दाब काढता येत नाही, तो आजूबाजूच्या बंधनांवरून ठरतो. तुमचं एलिमेंट हायब्रिडच आहे, ठीक. अ‍ॅन्सिसमध्ये सॉलिड१८५ किंवा १८६ या एलिमेंटला कीऑप्ट ६ या पर्यायाची किंमत १ दिली की तेच होतं. हे न करता साधं फुल इंटिग्रेशनचं एलिमेंट घेतलं तर ते लॉक होतं. प्रत्येक इंटिग्रेशन बिंदूवर आकारमान राखायची सक्ती झाली की नोड्सना (एलिमेंटच्या कोपऱ्यांना) हलायला जागाच उरत नाही, आणि भाग खऱ्यापेक्षा कितीतरी कडक दिसतो. दाबाचा काँटूर बुद्धिबळाच्या पटासारखा काळापांढरा दिसला की समजावं.

अबॅकस एक्स्प्लिसिटमध्ये (लहान लहान टाइम स्टेपने पुढे जाणारा सॉल्व्हर) मात्र सहगुणक कोरा ठेवला की सॉफ्टवेअर बल्क मॉड्युलस शिअरच्या २० पट धरतं. पॉइसन रेशो (ओढल्यावर बाजूने आकसण्याचं प्रमाण) ०.४७५. खऱ्या रबराचा ०.४९९५ च्या वर असतो. आकडे जवळचे वाटतात, म्हणून लोक फसतात. खरा बल्क मॉड्युलस टाकला तर रबरातल्या ध्वनीचा वेग साधारण १५० ऐवजी १३५० मीटर प्रति सेकंद होतो आणि टाइम स्टेप नऊ पट लहान होते, त्या बचतीसाठी ही तडजोड आहे. मोकळं फुगणाऱ्या भागात ती चालते. पण पातळ चिकटवलेली चकती घ्या, शेप फॅक्टर ५. दाबाचा मॉड्युलस, इथे सूत्रातला मूळ २ धरून, ३.६ गुणिले ५१, म्हणजे १८४ मेगापास्कल. त्यात खरा बल्क मॉड्युलस मिसळला तर १६८ उरतो. २० पटीचा २४ मेगापास्कल मिसळला तर २१. आठ पट मऊ! खाचेत पूर्ण भरून गेलेली ओ-रिंगही त्याच वर्गातली. मोकळी जागा आहे तोवर शिअर मॉड्युलस फोर्स ठरवतो, जागा संपली की बल्क.

तुमचा शेप फॅक्टर ०.६२५ आणि विश्लेषण स्टँडर्डमध्ये. इथे कारण दुसरं आहे. टेस्टचा कर्व्ह कितव्या वेळच्या दाबाचा आहे?

---

मधलाबिंदू

टेस्ट करणाऱ्यांना विचारलं. माउंट आधी तीन वेळा पूर्ण दाबून सोडतात आणि चौथ्या वेळचा कर्व्ह नोंदवतात, ही त्यांची नेहमीची पद्धत आहे. डंबेल मात्र नवीन होता, एकदाच सरळ तुटेपर्यंत ओढलेला.

---

उलटफेर

सापडलं. हा मलिन्स परिणाम आहे.

भरलेलं रबर पहिल्यांदा ओढलं की एका वाटेने जातं, सोडलं की खालच्या वाटेने परततं, आणि पुन्हा ओढलं की त्या खालच्या वाटेनेच जातं. आधीच्या कमाल विकृतीच्या पुढे गेलं की मग पुन्हा मूळ वाटेला लागतं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बराचसा मऊपणा येतो, नंतर कर्व्ह स्थिरावतो. त्यामुळे एकाच रबराला एक कर्व्ह नसतो. आधी कुठपर्यंत ताणलं होतं त्यावर कर्व्ह ठरतो. हायपरइलॅस्टिक (यो, मूनी-रिव्हलिन अशा) मॉडेलमध्ये या इतिहासाला जागाच नाही. तुम्ही नव्या रबराचा कर्व्ह दिला, टेस्टने वापरलेल्या रबराचा घेतला. मॉडेल जास्त कडक दिसणारच.

सोपा उपाय असा: डंबेल किंवा बटण, जे काही टेस्ट कराल त्याला माउंटमध्ये जेवढी विकृती येते तेवढीच आधी काही वेळा द्या आणि स्थिर झालेला कर्व्ह घ्या. सुटल्यावर तुकडा मूळ लांबीला पूर्ण परतत नाही, थोडी कायमची वाढ उरते. ती शून्याला सरकवून नवी लांबी धरा आणि नवं क्षेत्रफळही. विकृतीची पातळी महत्त्वाची आहे. २०० टक्क्यांना मऊ केलेल्या डंबेलचा कर्व्ह तुमच्या माउंटला जास्त मऊ दाखवेल, कारण तुमच्या माउंटमध्ये बहुतेक रबर ५० टक्क्यांच्या आतच राहतं.

याची मर्यादाही आहे. माउंटच्या मध्यभागी विकृती मोठी, काही ठिकाणी अगदी लहान. खरं रबर जागोजागी वेगवेगळं मऊ झालेलं असतं आणि तुम्ही सगळीकडे एकच कर्व्ह लावता. हा फरकही हवा असेल तर ऑग्डेन-रॉक्सबर्ग यांचं १९९९ चं मॉडेल जोडा. त्यात प्रत्येक बिंदू आतापर्यंतची स्वतःची कमाल ऊर्जा लक्षात ठेवतो आणि त्यानुसार मऊ होतो. तीनच जास्तीचे सहगुणक आहेत. पण मग पाया म्हणून नव्या रबराचाच कर्व्ह द्यायचा आणि माउंट मॉडेलमध्येही तीन वेळा दाबून सोडायचा. दोन्ही पद्धती मिसळल्या तर मऊपणा दोनदा मोजला जातो.

---

दीर्घवर्तुळ

उलटफेर यांनी नेमकं सांगितलं. मी वर ट्रेलोअरचे बिंदू सांगितले, ते न भरलेल्या रबराचे आहेत आणि तिथे हा परिणाम फारसा दिसत नाही. त्यामुळे त्यावर उत्तम ठरलेलं मॉडेल तुमच्या नायट्राइलला तसंच्या तसं लागू पडेल असं समजू नये.

टेस्ट पुन्हा करणार असाल तर आणखी दोन विनंत्या. विकृती ग्रिपमधल्या अंतरावरून काढू नका. डंबेलची रुंद टोकंही ताणली जातात आणि ग्रिपमधून थोडी सरकतात. मधल्या अरुंद भागावर दोन खुणा करून त्यांच्यातलं अंतर व्हिडिओने किंवा लेझरने मोजा. आणि फिट करताना २०० टक्क्यांचे बिंदू काढून टाका. तुम्हाला ६०-७० टक्क्यांच्या पुढचं काही लागत नाही. मोठ्या विकृतींचे ताण आकड्याने मोठे असतात, फिटिंग त्यांनाच खूश करत बसतं, आणि तुमच्या कामाचा सुरुवातीचा भाग सैल सुटतो. योमध्ये हा धोका जास्त, कारण भरलेल्या रबराचा अगदी सुरुवातीचा कडकपणा त्याला मुळातच नीट पकडता येत नाही.

---

प्रश्नचिन्ह

माझ्या भागांचे फोर्स टेस्टच्या जवळ आले असं मी वर जे बोललो त्यात आता भर घालतो. माझ्या भागांच्या टेस्ट पहिल्या फेरीच्या होत्या आणि डंबेलही नवीन होते, म्हणून ते जुळत होतं. वापरात मात्र भाग हजारो वेळा दाबला जातो, तेव्हा खरा कर्व्ह स्थिरावलेलाच. पुढच्या कामात मी दोन्ही घेणार आहे.

मधलाबिंदू, आणखी एक. तुम्ही ताणाचे आकडे कुठून वाचणार आहात? प्लेट आणि रबर जिथे मिळतात त्या बाहेरच्या कडेवर ताण मेशबरोबर वाढत जातो. तो कोपरा गणिताने अनंताकडे जाणारा आहे. त्यावरून आयुष्य काढू नका.

---

मेशमाळ

हो, हे फार जणांना नडतं. खऱ्या भागात कडेला रबराची छोटी गोलाई असते, ती मॉडेलमध्ये ठेवा आणि तिच्या त्रिज्येत चार-पाच एलिमेंट तरी बसवा. दाब जास्त असेल तर फुगलेलं रबर कडेबाहेर येऊन प्लेटवर गुंडाळलं जातं. तिथे रबर आणि प्लेटमध्ये काँटॅक्ट द्यायला विसरू नका, नाहीतर रबर प्लेटमधून आरपार जातं आणि कर्व्ह शेवटी खोटा मऊ दिसतो. घर्षण ०.२ च्या वर असेल तर अबॅकस आपणहून अनसिमेट्रिक सॉल्व्हरकडे जातं, बाकी सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय तुम्हाला चालू करावा लागू शकतो. तो नसेल तर इन्क्रिमेंट उगाच कापली जातात.

जाळीबद्दल: त्रिकोणी पहिल्या ऑर्डरची एलिमेंट टाळा. आणि सुरुवातीची मेश सुबक चौकोनी ठेवण्यापेक्षा दाबल्यावर सुबक होईल अशी आखा. जिथे उंची कमी होणार आहे तिथे सुरुवातीला एलिमेंट उभट ठेवा.

---

वाचनमात्र

धागा सुरुवातीपासून वाचतेय. विद्यार्थी आहे, परवान्याचं सॉफ्टवेअर नाही. हेच कॅल्क्युलिक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जमेल का?

---

उलटफेर

जमेल. कॅल्क्युलिक्सची इनपुट फाइल अबॅकससारखीच लिहितात आणि निओ-हूक, मूनी-रिव्हलिन, यो, ऑग्डेन, आरुडा-बॉइस ही सगळी मॉडेलं त्यात आहेत. पूर्ण असंपीड्य धरू नका, बल्क मॉड्युलसचा सहगुणक द्या. तो म्हणजे २ भागिले बल्क मॉड्युलस, २००० ला ०.००१. सुरुवातीला बल्क शिअरच्या शंभर-दोनशे पट घेऊन बघा आणि वाढवत न्या. फोर्स बदलायचा थांबला की तेवढं पुरे. आधी एकच एलिमेंट ओढून वर दिलेले १.७५ आणि १.९७ हे आकडे येतात का ते पाहा.

---

मधलाबिंदू

नवा डेटा आला. तेल लावलेलं बटण ३५ टक्क्यांपर्यंत आणि डंबेल ६० टक्क्यांपर्यंत, दोन्ही आधी फेऱ्या देऊन, खुणांवरून मोजलेले. दोन्ही एकत्र घेऊन यो फिट केला. डंबेलच्या बिंदूंवरून रेघ आता आधीइतकी नेमकी जात नाही, मध्ये थोडी वर, शेवटी थोडी खाली. माउंटचा फोर्स मात्र ६ मिमीपर्यंत टेस्टच्या पाच टक्क्यांच्या आत आहे. पहिल्या मिलिमीटरला मॉडेल किंचित मऊ आहे, दीर्घवर्तुळ यांनी सांगितल्याप्रमाणेच. हाताने काढलेल्या ५१० शीही ते सुसंगत आहे.

पुढचं काम असं की हा माउंट दाबलेल्या स्थितीत कित्येक महिने बसून राहणार. फोर्स किती उतरेल हे याच मॉडेलवरून सांगता येईल?

---

दीर्घवर्तुळ

काही भाग सांगता येईल. एका विकृतीला धरून ठेवून फोर्स वेळेबरोबर कसा उतरतो ती टेस्ट करा, आणि त्यावरून प्रोनी सिरीजचे (वेळेबरोबर घटत जाणाऱ्या पदांची बेरीज) सहगुणक काढा. काळ लॉगरिदमिक घ्या. पहिला सेकंद, दहावा, शंभरावा, हजारावा, प्रत्येक दशकाला साधारण एक पद. इथे एका ठिकाणी जपा. तुम्ही दिलेला हायपरइलॅस्टिक कर्व्ह तात्काळचा आहे की दीर्घकाळचा, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. हळू ओढून घेतलेला कर्व्ह दीर्घकाळचा समजायचा. तो तात्काळचा म्हणून दिलात तर शिथिलीकरण दोनदा वजा होतं.

पण मोजलेल्या काळाच्या पुढे प्रोनी काही जाणत नाही. त्याच्या शेवटच्या पदानंतर फोर्स सपाट राहतो. महिन्यांच्या हिशोबात जे उतरतं त्यातला मोठा भाग रासायनिक असतो. उष्णतेत आणि हवेत रबराच्या साखळ्या तुटतात, नवे जोड दाबलेल्या आकारातच बनतात आणि भाग सुटल्यावर परतत नाही. तो कॉम्प्रेशन सेट. हायपरइलॅस्टिक अधिक प्रोनी या मॉडेलमध्ये तो कुठेच नाही. त्यासाठी वापराच्या तापमानाला आणि त्याहून दोन-तीन चढत्या तापमानांना भट्टीत दाबून ठेवलेले तुकडे लागतील.

---

मेशमाळ

आणि तापमान बदलणार असेल तर प्रसरणही घाला. रबराचं रेषीय प्रसरण स्टीलच्या दहा पटींहून जास्त असतं. तुमचा माउंट बाजूंनी मोकळा आहे, त्यामुळे फोर्स थोडाच हलेल. पण हेच रबर पुढे बंद खाचेत बसवणार असाल तर बल्क मॉड्युलस कोरा ठेवू नका. तिथे वाढलेल्या आकारमानाला जायला जागा नसते आणि दाब थेट त्या २००० मेगापास्कलवरून येतो.